स्टुडिओसाठी मोठा फोटो प्रिंटर घेताना: मोजमापापासून पहिल्या रोलपर्यंत

तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या माणसाला मोठ्या प्रिंटचे काम बहुधा बाहेरच्या लॅबकडे पाठवावे लागते. त्यात दोन-तीन दिवस जातात, प्रिंट कुरिअरमध्ये दुमडली जाते आणि रंग चुकला तर पुन्हा दोन-तीन दिवस वाट पाहावी लागते. याला कंटाळून मी काही वर्षांपूर्वी ४४ इंची, म्हणजे तेवढ्या रुंद कागदावर छापणारा, जुना प्रिंटर विकत घेतला आणि पहिल्याच पावसाळ्यात पस्तावलो. त्यानंतर घेतलेला २४ इंची प्रिंटर मात्र आजही रोज चालतो. या दोन खरेद्यांच्या दरम्यान जे समजले, ते पहिल्यांदाच असा प्रिंटर घेणाऱ्यांसाठी क्रमाने लिहीत आहे.

१. आधी मागच्या वर्षाची वही उघडा

कोणताही माहितीपत्रक पाहण्याआधी मागच्या बारा महिन्यांची बिले काढा आणि १२×१८ इंचांपेक्षा मोठी किती कामे आली, कोणत्या महिन्यात आली आणि कोणत्या मापाची होती, हे एका कागदावर मांडा. सहा महिन्यांची बिले पुरत नाहीत, कारण आपला धंदा हंगामी आहे. आषाढी एकादशीनंतर लग्ने थांबतात, ती तुळशीच्या लग्नापर्यंत. मधल्या काळात मोठे काम येते ते मुख्यतः वर्षश्राद्धासाठी लागणाऱ्या तसबिरींचे, गणेश मंडळांच्या मान्यवरांच्या फोटोंचे आणि एखाद्या चित्रकाराच्या प्रदर्शनाचे.

हा हिशेब एवढ्यासाठी की शाईचा प्रिंटर रिकामा राहिला की बिघडतो. माझ्या ४४ इंची यंत्राचे तेच झाले. आषाढात काम संपले, वीजबिलाच्या काळजीने मी रात्री भिंतीवरचे बटण बंद करू लागलो, पुढे चार आठवडे त्याला हात लावला नाही आणि गणपतीच्या आधी पहिली तसबीर छापायला घेतली तेव्हा नोझल चेकच्या, म्हणजे शाईची सर्व छिद्रे चालतात का हे दाखवणाऱ्या, कागदावर निळ्या रंगाच्या रेषांच्या जागी तुटक ठिपके आले, तर फिक्या काळ्याचा पट्टा जवळजवळ कोराच राहिला. हेड, म्हणजे शाई फवारणारा भाग, साफ करण्याचे तीन फेरे दिले, दोन कार्ट्रिज निम्म्यावर आली आणि वाया गेलेली शाई साठवणारी मेंटेनन्स टाकी भरली म्हणून यंत्राने पुढचे काम करायलाच नकार दिला. त्या दिवशी एकही प्रिंट निघाली नाही, खर्च मात्र झाला.

तुमच्या मांडणीत आठवड्याला दोन-तीन मोठी कामेही दिसत नसतील, तर सध्या बाहेरून छापून घेणेच स्वस्त आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

२. नावे सारखी, यंत्रे वेगळी: गल्लत टाळा

बाजारात रुंद कागदावर छापणाऱ्या प्रत्येक यंत्राला सर्रास ‘प्लॉटर’ म्हणतात आणि तिथेच नवखा माणूस फसतो. फ्लेक्सचा फलक छापणारे सॉल्व्हंट किंवा इको-सॉल्व्हंट यंत्र दुरून पाहायच्या मजकुरासाठी उत्तम असते, पण चेहऱ्याच्या त्वचेवरील हलक्या छटा त्यातून फोटो प्रिंटरसारख्या उतरत नाहीत. वास्तुविशारद आणि अभियंते नकाशे काढण्यासाठी जे यंत्र वापरतात, उदाहरणार्थ एचपीच्या डिझाइनजेट टी मालिकेतील, त्याची किंमत मोहात पाडणारी असते, मात्र त्यात रंग मोजके असतात आणि ते रेषांसाठी घडवलेले असते. तुम्हाला हवा आहे तो पाण्यावर आधारित पिगमेंट (न विरघळणाऱ्या रंगकणांच्या) शाईचा, आठ ते बारा रंगांचा फोटो प्रिंटर. एप्सनची शुअरकलर पी मालिका, कॅननची इमेजप्रोग्राफ प्रो मालिका आणि एचपीची डिझाइनजेट झेड मालिका ही त्यातली नेहमी समोर येणारी नावे.

आणखी एक गैरसमज म्हणजे हा प्रिंटर आला की ४×६ आणि पासपोर्ट फोटोही त्यावरच काढू, हा. तसे करता येते, पण परवडत नाही आणि वेळही फार जातो. छोट्या फोटोंसाठी रिबनवरचा रंग उष्णतेने कागदावर उतरवणारा डाय-सब्लिमेशन प्रिंटर वेगळाच ठेवावा.

३. रुंदी ठरवा, आणि ती फ्रेमवाल्याला विचारून ठरवा

या वर्गातील प्रिंटर साधारणपणे १७, २४, ४४ आणि ६० किंवा ६४ इंच रुंदीत मिळतात. १७ इंचीत पुन्हा दोन प्रकार आहेत. कॅननचा प्रो-१००० फक्त सुटे कागद घेतो, तर एप्सनच्या पी-९०० ला रोल बसवण्याची जोडणी वेगळी विकत मिळते. रोल नसेल तर लांबट समूहछायाचित्र छापता येत नाही, आणि शाळेच्या दहावीच्या वर्गाचा फोटो हे आपल्याकडचे हमखास काम आहे.

आपल्या भागात फ्रेमची चालू मापे १२×१८, १६×२४, २०×३० आणि २४×३६ अशी आहेत. २४ इंची रोलवर ही चारही मापे बसतात, म्हणून बहुतेक स्टुडिओंना २४ इंच पुरते. तरी दोन खाचाखोचा लक्षात ठेवा. पहिली अशी की कडा सोडून छापताना यंत्र दोन्ही बाजूंना काही मिलिमीटर कोरे ठेवते, त्यामुळे २४ इंची रोलवर छापलेले चित्र नेमके २४ इंच भरत नाही. पूर्ण कडेपर्यंत छापायचे असेल तर त्या यंत्रात त्याच रुंदीच्या रोलवर बॉर्डरलेस छपाईची सोय आहे का, हे विचारावे लागते, कारण ती प्रत्येक कागदावर मिळत नाही. दुसरी खाच कॅनव्हासची आहे. कॅनव्हास लाकडी चौकटीवर गुंडाळून ताणायचा असेल तर प्रत्येक बाजूला सुमारे दोन इंच जादा लागतात. म्हणजे २४ इंची यंत्रावर ताणलेला कॅनव्हास जेमतेम २० इंच रुंदीचा होतो, तोही ओढूनताणून. २४×३६ चा ताणलेला कॅनव्हास हेच तुमचे मुख्य काम असेल तर ४४ इंचीला पर्याय नाही. नसेल तर त्याच्या मोहात पडू नका, कारण रिकामे राहिलेले मोठे यंत्र काय करते ते वर सांगितलेच आहे.

मोठा प्रिंटर आला म्हणून लहान फाइल मोठी होत नाही, हेही ग्राहकाला सांगायची तयारी ठेवा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची ६०००×४००० पिक्सेलची फाइल ३६ इंचांवर छापली तर इंचाला सुमारे १६७ पिक्सेल मिळतात आणि भिंतीवरच्या फोटोला तेवढे चालते. याउलट आजोबांचा एकुलता एक पासपोर्ट फोटो घेऊन कोणी आले, तर ४५ मिलिमीटर उंचीचा तो फोटो ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केल्यावर उंचीला जेमतेम १०६० पिक्सेल देतो. त्याची २० इंचांची तसबीर केली तर इंचाला ५३ पिक्सेल उरतात. तिथे १२ इंचांवर थांबणेच बरे, आणि ते काम घेण्यापूर्वीच सांगितलेले बरे.

४. शाई, रंग आणि हेड

फोटो टिकावा असे वाटत असेल तर पिगमेंट शाईच घ्यावी. डाय शाईचे, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या शाईचे, रंग चमकदार दिसतात, पण उजेड आणि ओल यांच्यापुढे ती सहसा लवकर हार मानते, आणि आपल्याकडे तसबीर नेमकी खिडकीसमोर, उदबत्तीच्या धुरात लागते. विक्रेता ‘जिक्ले’ हा शब्द वापरून भाव वाढवू लागला तर दबून जाऊ नका. अमेरिकेतील नॅश एडिशन्स या छपाईगृहात काम करणाऱ्या जॅक दुगान यांनी १९९१ मध्ये आयरिस या शाईच्या प्रिंटरवरील कलाप्रतींसाठी हे फ्रेंच वळणाचे नाव योजले. मूळ क्रियापदाचा अर्थ शिंपडणे असा आहे. म्हणजे नाव भारदस्त असले तरी ती शाई फवारून केलेली छपाईच.

रंगांची संख्या मोजण्यापेक्षा कोणते रंग आहेत ते पाहा. त्वचेसाठी फिके किरमिजी आणि फिके निळे, कृष्णधवलसाठी करड्याच्या एक-दोन छटा आणि वस्त्रांच्या गडद रंगांसाठी जादा रंग उपयोगी पडतात. पैठणीचा जांभळा हा माझा कायमचा डोकेदुखीचा विषय आहे. पडद्यावर तो वांगी दिसतो आणि कागदावर निळसर उतरतो. कॅननच्या प्रो-२१०० सारख्या यंत्रात लाल आणि निळी शाई वेगळी असते, एप्सनच्या पी-७५०० मध्ये नारिंगी, हिरवी आणि जांभळी असते. अशा जादा रंगांनी हे अंतर कमी होते, पूर्ण मिटत नाही.

काळ्या शाईबद्दल एक प्रश्न न विसरता विचारा. चकचकीत कागदाला फोटो ब्लॅक लागते आणि मॅट कागदाला मॅट ब्लॅक. काही जुन्या यंत्रांत या दोघींची वाट एकच असते, त्यामुळे कागद बदलला की यंत्र नळीतली शाई काढून टाकते, मिनिटे जातात आणि शाईही जाते. दोन्ही काळ्यांना स्वतंत्र नोझल असलेले यंत्र घेतले की ही कटकट उरत नाही.

हेडचे दोन प्रकार आहेत. एप्सनचे पिएझो हेड, म्हणजे उष्णतेऐवजी विजेच्या दाबाने शाई फेकणारे, दीर्घकाळ चालावे अशा बेताने बनवलेले असते, पण ते बदलायचे झाले तर अभियंता लागतो आणि खर्च मोठा येतो. कॅनन आणि एचपीचे उष्णतेवर चालणारे हेड ही झिजणारी वस्तू आहे. बंद पडलेल्या नोझलचे काम काही काळ दुसरी नोझल सांभाळतात आणि शेवटी हेड तुम्ही स्वतः विकत आणून बदलू शकता. जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर असणाऱ्यांनी या फरकाला किमतीइतकेच वजन द्यावे, असे मला वाटते. मी माझ्या दुसऱ्या खरेदीत स्वतः बदलता येणारे हेड निवडले ते याच कारणाने.

५. यंत्राची किंमत बाजूला ठेवून चौरस फुटाचा हिशेब करा

खालचे आकडे हिशेबाची रीत दाखवण्यापुरते घेतले आहेत. तुमच्या कोटेशनमधले आकडे त्यांच्या जागी घाला.

२४ इंच रुंद आणि ३० मीटर लांब रोलमध्ये सुमारे १९७ चौरस फूट कागद असतो. तो ९,००० रुपयांना पडला तर चौरस फुटाला जवळपास ४६ रुपये झाले. शाई चौरस फुटाला १.५ मिलिलिटर लागते असे धरू. मोठ्या कार्ट्रिजमधून ती ३० रुपये मिलिलिटर पडत असेल तर ४५ रुपये, आणि लहान कार्ट्रिजमधून ६० रुपये पडत असेल तर ९० रुपये. म्हणजे मोठ्या कार्ट्रिजच्या यंत्रावर २४×३६ च्या, अर्थात ६ चौरस फुटांच्या प्रिंटला कागद आणि शाई मिळून ५४६ रुपये, आणि चुका व कापलेल्या पट्ट्या यांसाठी दहा टक्के धरून ६०० रुपये लागतात. आता तीन लाखांचे यंत्र पाच वर्षांत वसूल करायचे तर महिन्याला ५,००० रुपये झाले. महिन्याला अशा २० प्रिंट निघाल्या तर प्रत्येकीवर २५० रुपयांचा बोजा पडतो आणि ६० निघाल्या तर ८३ रुपयांचा. हीच प्रिंट पहिल्या स्थितीत ८५० ला पडते, दुसऱ्या स्थितीत ६८३ ला. तुमची लॅब काय दर घेते, त्यात कुरिअर किती, हे शेजारी लिहिले की निर्णय आपोआप समोर येतो.

या हिशेबात कार्ट्रिजचे माप किती निर्णायक ठरते ते पाहा. १७ इंची यंत्र स्वस्त वाटते, पण पी-९०० चे कार्ट्रिज ५० मिलिलिटरचे आणि प्रो-१००० चे ८० मिलिलिटरचे असते, तर प्रो-२१०० मध्ये १६०, ३३० किंवा ७०० मिलिलिटरची टाकी बसते. त्यामुळे काम वाढले की स्वस्त यंत्रच महाग पडू लागते. शिवाय खोक्यात यंत्रासोबत येणारी शाई बहुधा कमी भरलेली असते आणि पहिल्यांदा नळ्या भरण्यातच तिचा काही भाग जातो, म्हणून पूर्ण शाईचा एक संच आणि एक मेंटेनन्स टाकी सुरुवातीच्या भांडवलातच धरा.

६. जागा, वीज आणि हवा

२४ इंची यंत्राचे अंग साडेतीन ते साडेचार फूट रुंद असते, ४४ इंचीचे पाच ते सहा फुटांच्या पुढे जाते आणि दोन्ही उचलायला चार माणसे लागतात. दार, जिना आणि जिन्याचे वळण टेपने मोजा. माझे पहिले यंत्र वळणावर अडकले होते आणि शेवटी गच्चीवरून दोर लावून आत घ्यावे लागले. समोर प्रिंट उतरण्यासाठी आणि मागे रोल बदलण्यासाठी मोकळी जागा ठेवा.

विजेचा खप फार नसतो, छपाईच्या वेळीही तो शंभर वॅटच्या आसपास राहतो. पण छपाई चालू असताना वीज गेली की ती प्रिंट गेली, म्हणून चांगला यूपीएस आणि नीट अर्थिंग हवे. यंत्र भिंतीवरच्या बटणाने कधीही बंद करू नका. त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केले तरच हेड टोपीखाली जाऊन बसते, आणि अनेक यंत्रे चालू ठेवली तर अधूनमधून स्वतःहून हेडची काळजी घेतात. खोलीतील आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत राहील असे पाहा. कोकणात पावसाळ्यात त्यासाठी आर्द्रता शोषणारे यंत्र लागेल, तर विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत उलट अडचण येते. हवा इतकी कोरडी होते की नोझलवर शाई सुकते, तिथे खोलीत पाण्याचे भांडे ठेवल्यानेही थोडा फरक पडतो.

७. विक्रेत्याकडे स्वतःची फाइल आणि स्वतःचा कागद घेऊन जा

दुकानातील नमुना प्रिंट पाहून यंत्र निवडू नका, ती नेहमीच सुंदर असते. पेन ड्राइव्हवर तुमच्या चार फाइली न्या: सावळ्या वर्णाच्या माणसाचा जवळून घेतलेला चेहरा, गडद शालू नेसलेली नवरी, एक कृष्णधवल फोटो आणि हलक्या राखाडी छटांचा एक सलग पट्टा. प्रिंट ट्यूबलाइटखाली आणि मग बाहेर उन्हात पाहा. कृष्णधवल फोटो एका उजेडात हिरवट आणि दुसऱ्यात गुलाबी दिसत असेल, तर ते यंत्र किंवा त्याचे प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरवायचे हे सांगणारी फाइल) तुमच्या कामाचे नाही. सलग पट्ट्यात आडव्या रेघा दिसल्या तर हेड जुळवलेले नाही.

जुने यंत्र घेत असाल तर समोर नोझल चेक काढायला लावा, यंत्राच्या मेनूतून आतापर्यंतच्या छपाईचा अहवाल छापून घ्या आणि त्या मॉडेलची शाई आजही सहज मिळते का याची दोन ठिकाणी चौकशी करा. परदेशातून आलेल्या यंत्राच्या बाबतीत विशेष जपा, कारण काही यंत्रांत एका प्रदेशाचे कार्ट्रिज दुसऱ्या प्रदेशाच्या यंत्रात चालत नाही.

८. ही कागदपत्रे जमवा आणि ही लेखी घ्या

तुमच्याकडून लागतील ती: पॅन, जीएसटी नोंदणीचे प्रमाणपत्र, कर्ज काढणार असाल तर उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी), बँकेची विवरणपत्रे, आयकर विवरण आणि विक्रेत्याचे कोटेशन. बिल स्टुडिओच्या जीएसटी क्रमांकावरच घ्या, नाहीतर भरलेल्या कराची वजावट हातची जाते.

विक्रेत्याकडून लेखी घ्यायची: यंत्राचा अनुक्रमांक असलेले बिल, वॉरंटीचे पत्र, बसवणीचा अहवाल, वर्षाच्या देखभाल कराराचा दर आणि तक्रार केल्यावर किती दिवसांत अभियंता येईल याचे उत्तर. वॉरंटीत हेड येते की नाही, हे वाक्य स्वतः शोधून वाचा. मला एका विक्रेत्याने तोंडी ‘सगळं येतं’ असे सांगितले होते, प्रत्यक्षात अभियंत्याचा प्रवासखर्चही माझ्याच माथी आला आणि कागदावर काहीच नसल्याने मला भांडताही आले नाही.

९. कागद: सुरुवातीला दोनच

सुरुवातीला २४० ते २६० जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) एक लस्टर, म्हणजे मंद चकाकीचा, आणि एक मॅट, एवढेच रोल घ्या. लस्टरवर लग्नाचे आणि तसबिरींचे काम निघते. कलाकारांच्या कामासाठी सुती रॅग कागद, म्हणजे हानेमूलेचा ३०८ जीएसएमचा फोटो रॅग किंवा त्या जातीचा कागद, मागणी आल्यावरच मागवा, कारण तो महाग असतो आणि दमट हवेत उघडा राहिलेला रोल लाटांसारखा वाकतो. रोल उरला की प्लास्टिकच्या पिशवीत घालून आडवा टांगून ठेवा. गाभ्याचे माप दोन इंच आहे की तीन इंच, हे यंत्राच्या दांड्याशी जुळवून पाहा.

१०. पहिले पंधरा दिवस

नव्या माणसाची पहिली तक्रार असते की प्रिंट काळपट येते. बहुतेक वेळा दोष मॉनिटरचा असतो, तो प्रमाणाबाहेर उजळ ठेवलेला असतो. मॉनिटरचे रंग आणि उजेड मोजून जुळवणारे कॅलिब्रेशनचे उपकरण विकत किंवा भाड्याने घ्या आणि उजळपणा ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटरच्या दरम्यान आणा.

दुसरी तक्रार असते की चेहरे लालसर येतात. तेव्हा आधी पाहा की रंगांचे नियंत्रण फोटोशॉप आणि प्रिंटरचा ड्रायव्हर हे दोघेही करत तर नाहीत ना. फोटोशॉपमध्ये कागदाचे प्रोफाइल निवडले असेल तर ड्रायव्हरमधील रंगसुधारणा पूर्ण बंद हवी. कागद बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या त्यांच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रिंटरसाठीचे प्रोफाइल फुकट देतात, ते उतरवून घ्या आणि ड्रायव्हरमध्ये त्यांनी सांगितलेला कागदाचा प्रकारच निवडा. तो चुकला तर मॅट ब्लॅकऐवजी फोटो ब्लॅक वापरली जाते आणि आजींच्या नऊवारीचा काळा काठ धुरकट राखाडी दिसतो.

यंत्र संगणकाला वायफायऐवजी केबलने जोडा, मोठ्या फाइली मध्येच अडकत नाहीत. प्रिंट निघाल्यावर लगेच काचेखाली घालू नका. किमान एक दिवस, पावसाळ्यात दोन दिवस, मोकळी ठेवा, नाहीतर शाईतून निघणारी वाफ काचेच्या आतल्या बाजूला धुक्यासारखी बसते आणि गिऱ्हाईक तसबीर परत घेऊन येते. काम नसले तरी आठवड्यातून दोनदा सर्व रंगांचा एक छोटा नमुना छापा. मी त्यासाठी कापून उरलेल्या चार इंची पट्ट्या जपून ठेवतो, सोमवारी आणि गुरुवारी दुकान उघडल्यावर झाडलोट झाली की आधी तीच पट्टी लावतो आणि तिच्या मागे पेन्सिलीने तारीख लिहून ठेवतो.